तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

(१७ नोव्हेंबर या राष्ट्रीय अपस्मार दिनाच्या निमित्तानं एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान. बोलताना झालेली पुनरुक्ती काढून शब्दांकन केलं आहे.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? मला माईकची सवय नाही, ओपीडीत ओरडूनच बोलावं लागतं.

निमंत्रण द्यायला आलेल्या ताईंनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘फिट्स आणि लग्न’. त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, ‘फलकावर तसंच लिहायचं?’ शेवटी बाहेर लिहिलंय ‘अपस्मार : समज आणि गैरसमज’. म्हणजे आजचा कार्यक्रमही थोडं झाकूनच सुरू झाला. असू दे. आलात हे महत्त्वाचं.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी न्यूरॉलॉजीच्या ओपीडीला लागून असलेल्या एका खोलीत. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुणी कधी न उघडलेलं एक कपाट. डॉक्टर गोळी लिहून देत, आणि ती गोळी घरात कुठे ठेवणार हे मी विचारत असे. प्रश्न बावळट वाटतो. पण नव्या लग्नाच्या बाईला हा प्रश्न विचारला की ती एकदम दाराकडे बघते. कुणी आलंय का, म्हणून.

उत्तरं सांगते. तांदळाच्या डब्यात, तळाशी. शिलाई मशिनच्या खणात. पॅडच्या पाकिटात, कारण तिथे घरातला कुठलाही पुरुष हात घालत नाही. देव्हाऱ्याच्या पाटाखाली. एकीनं गोळ्या पाकिटातून सोडवून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरल्या होत्या, नाव कुणी वाचू नये म्हणून. व्हॅलप्रोएट या फिट्सवरच्या औषधाची गोळी हवेतला ओलावा ओढते. आषाढ लागला आणि बाटलीत सगळ्या गोळ्यांचा लगदा झाला. ती बाटली माझ्यापुढे उलटी धरून ती बाई हसत होती. मीही हसले. काय करणार?

आजाराबद्दल थोडंच सांगते. मेंदूतल्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालतात. कधी काही पेशींचा समूह एकाच वेळी, भलत्याच जोरानं संदेश सोडतो. तेव्हा जे होतं त्याला आपण फिट म्हणतो, आकडी म्हणतो, फेफरं म्हणतो. जन्मताना बाळ गुदमरलं, डोक्याला मार लागला, न धुतलेल्या भाजीवरून पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठ झाली, पक्षाघात झाला, अशी कितीतरी कारणं. काहींत आनुवंशिकता असते. पुष्कळांत कारण सापडतच नाही. जगात ५ कोटींच्या आसपास लोकांना हा आजार आहे, आपल्या देशात १ कोटीच्या पुढे असतील असा अंदाज आहे. औषध नीट घेतलं तर १०० पैकी साधारण ७० जणांच्या फिट्स थांबतात. आई किंवा वडिलांपैकी एकाला असला, तरी १०० पैकी ९५ च्या आसपास मुलांना तो होत नाही. आणि कुणाला फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. कांदा नको, चप्पल नको, हातात किल्ल्या नकोत. झालं.

आता लग्न.

आपल्याकडच्या लग्नाची रीतच अशी, की फिट यायला वेगळं काही करावं लागू नये. आदल्या दिवशी हळद. रात्री पाहुण्यांच्या अंथरुणांत झोप कसली? पहाटे उठून न्हाणं. मुहूर्त लागेपर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही. आणि गोळी ज्या पर्समध्ये, ती पर्स करवलीच्या काखेत, आणि करवली फोटो काढायला गेलेली. झोप न होणं आणि गोळी चुकणं, या दोन गोष्टी फिटला सगळ्यात जास्त बोलावतात. मग सत्यनारायणाच्या दिवशी सून कोसळते. सासरचे म्हणतात, दृष्ट लागली. माहेरची माणसं एकमेकांकडे बघत नाहीत.

मी या गोष्टी वरून बघितल्यासारख्या सांगतेय, पण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः लपवायला मदत केलेली आहे. ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं असतील. एका मुलीचे वडील आले. बारावी झालेली मुलगी, गोरीगोमटी, फेनिटॉईनवर दोन वर्षं एकही फिट नाही. स्थळ चांगलं होतं. वडिलांनी विचारलं, ‘बाई, सांगू का नको?’ मी म्हटलं, ‘आत्ता नका सांगू. गोळ्या चालू ठेवा, पुढचं पुढे बघू.’ मला वाटलं मी शहाणपणाचं बोलले. त्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि त्याचं मला बरंही वाटलं.

सासरी दोन खोल्या, सहा माणसं, एकच कपाट. गोळी लपवायला जागाच नव्हती. फेनिटॉईननं हिरड्या सुजतात, पुढे वाढतात. सासूला वाटलं सून चोरून मिश्री लावते. त्यावरून भांडण. मुलीनं घाबरून गोळी अर्धी केली, मग दिवसाआड, मग बंद. अचानक बंद केलेली गोळी फार वाईट. एका रात्री फिट थांबेचना, एकामागून एक येत राहिली. आमच्याकडे आली तेव्हा बेशुद्ध होती. वाचली. महिन्याभरानं माहेरी गेली ती परत सासरी गेली नाही. तिचे वडील नंतर मला कॉरिडॉरमध्ये भेटत, नमस्कार करत. एकदाही बोल लावला नाही त्यांनी. मी मात्र पुढे बरीच वर्षं त्या कॉरिडॉरनं जाताना जिन्याच्या बाजूनं वळून जात असे.

त्या वडिलांचं काय चुकलं होतं? तेव्हाचा कायदा बघा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. बायकोचा अपस्मार लग्नाआधी सांगितला नाही, म्हणून नवऱ्याला लग्न रद्द करून हवं होतं. न्यायालयानं म्हटलं, आजार सांगितला नाही एवढ्यानं कायद्याच्या अर्थानं फसवणूक होत नाही. त्या काळी हे केवढं मोठं बोलणं होतं! पण १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि विवाहाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या शेजारी फेफऱ्याचे झटके जाऊन बसले. वारंवार फिट्स येत असतील तर ते लग्न न्यायालयातून रद्द करून घेता येऊ लागलं. विशेष विवाह कायद्यातही तेच. हा शब्द निघाला १९९९ च्या डिसेंबरात. म्हणजे तेवीस वर्षं या देशातल्या मुलीच्या बापाला कायदाच सांगत होता की बाबा रे, तुझ्या मुलीचं लग्न मोडता येतं. मग तो तोंड उघडेल कशाला? लोक लपवतात म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. लपवणं त्यांना शिकवलं कुणी, हेही विचारलं पाहिजे.

आज नुसता अपस्मार आहे म्हणून लग्न रद्द होत नाही. पण महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली, हे कलम आहेच. कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही राजीखुशीनं एकत्र राहिले असतील तर तो चालत नाही. निकाल काय लागेल हे ज्याच्या-त्याच्या पुराव्यावर. कोर्टात फार थोडे जातात. पण ‘फसवलंत’ हा शब्द स्वयंपाकघरात रोज वापरता येतो, त्याला वर्षाची मुदत नाही.

एक गंमत बघा. मंगळ असला तर लोक पहिल्या फोनवर सांगतात. बायोडेटात छापतात. मंगळानं आजवर कुणाला रस्त्यात पाडलेलं मला तरी माहीत नाही.

मुलाकडच्यांचं वेगळंच. मुलीचा आजार लपवतात तेव्हा निदान मुलगी धास्तावलेली असते. मुलाचा लपवतात तेव्हा घरात कुणाला आपण काही लपवतोय असंच वाटत नाही. ‘लग्न झालं की बरा होईल’ म्हणून लग्न लावून देतात. हे मी शेकडो वेळा ऐकलं असेल, शिकलेल्या घरांतही. एका सुनेनं मला सांगितलं, सासूबाई रोज रात्री नवऱ्याला हळदीचं दूध द्यायच्या, स्वतःच्या हातानं, मला देऊ द्यायच्या नाहीत. मला वाटायचं लेकाचं किती कौतुक! दुधाबरोबर गोळी जात होती. सासूबाई चार दिवस देवाला गेल्या, दूध सुनेनं दिलं, आणि पाचव्या दिवशी नवरा मोटारसायकलवरून पडला. मागे ती आणि पोटातलं बाळ. दोघं वाचली. पण गाडी चालवायच्या परवान्याच्या अर्जात फिट्सबद्दल स्पष्ट प्रश्न असतो, आणि तिथे त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं. बायकोला सांगितलेलं नसताना आरटीओला सांगणार कसं? एका नाहीला दुसरा नाही जुळवावा लागतो.

ती मला म्हणाली, ‘मॅडम, आजाराचं काय हो, माझ्या भावाला शुगर आहे. पण तीन वर्षं घरातल्या सगळ्यांना माहीत आणि मलाच नाही. मी त्या घरात कोण होते मग?’

मला वाटतं या विषयातलं खरं दुखणं इथे आहे. कळल्यावर बहुतेक नवरे आणि बायका आजारावर फार चिडत नाहीत. चार दिवस घाबरतात, डॉक्टरांना भेटतात, शांत होतात. ‘कुणाकुणाला माहीत होतं’ याचा हिशोब मात्र संपत नाही. मेव्हण्याला माहीत होतं? मध्यस्थाला? लग्नात गळ्यात पडून रडणाऱ्या त्या मावशीला? म्हणजे त्या मांडवात आपण सोडून सगळे...

आणि गुपित ठेवणाऱ्याचं काय होतं? ते एकदा ठेवून दिलं की झालं, असं नसतं. ते रोज करावं लागणारं काम आहे, धुण्याभांड्यासारखं. गोळी संपत आली की माहेरी फोन, तोही ‘आईची तब्येत कशी आहे’ असा. मग भाऊ एसटीनं येणार, डब्यात लाडू, लाडवांखाली पाकिटं. रात्री साडेनवाची गोळी साडेअकराला, कारण सगळे झोपले नाहीत. दवाखान्यात नावाच्या जागी माहेरचं नाव. काही डॉक्टरही यात ओढले जातात. ‘साहेब, कागदावर मायग्रेन लिहा ना.’ व्हॅलप्रोएट मायग्रेनलाही देतात, त्यामुळे ही थाप छान खपते. पण मग तोच कागद घेऊन ती बाई प्रसूतीच्या डॉक्टरांकडे जाते, आणि डॉक्टरांना वाटतं डोकेदुखीची गोळी आहे, बंद करूया. बंद केली तर फिट. नाही केली आणि दिवस गेले, तर व्हॅलप्रोएट पोटातल्या बाळाला फार त्रासाचं औषध आहे. जन्मजात व्यंग, पुढे शिकण्या-बोलण्यात अडचण, याची शक्यता इतर औषधांपेक्षा बरीच जास्त. हे सगळं आधी ठरवता येतं. दिवस राहायच्या आधी गोळी बदलता येते, फॉलिक ॲसिड सुरू करता येतं, आणि बहुसंख्य बायकांना धडधाकट मुलं होतात. पण आधी ठरवायचं तर नवऱ्याला माहीत हवं. नाहीतर काय सांगणार, ‘अहो, सहा महिने थांबूया’ म्हणून? कशासाठी?

अजून एक. फेनिटॉईन, कार्बामाझेपिन, गार्डिनल यांच्याबरोबर पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर कमी होतो. ज्या बाईनं फिट्सची गोळी लपवलीय, तिला हे कुणी सांगत नाही, कारण कुणाला माहीतच नसतं. अशी एक बाई पाळणा लांबवायची गोळी एकही दिवस न चुकवता घेऊन गरोदर राहिली, आणि नवऱ्यानं भलताच संशय घेतला. तो संशय फिटवायला तिला दुसरं गुपित फोडावं लागलं. तो दिवस मी कधी विसरणार नाही, पण तो सांगत बसले तर माझ्या मुख्य गोष्टीला वेळ उरणार नाही.

मुलांबद्दल बोलते. लोक म्हणतात, मुलं लहान आहेत, त्यांना काय कळतंय. अहो, घरात सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. आई दुपारी स्वयंपाकघरात पडते तेव्हा घरात मुलंच असतात. एक तिसरीतला मुलगा होता. वर्गात झोपतो म्हणून बाईंनी तक्रार केली होती. मी त्याला विचारलं, रात्री काय करतोस? म्हणाला, ‘मम्मी झोपेपर्यंत मी झोपत नाही.’ का रे? ‘झोपल्यावर तिचं तोंड वाकडं होतं का बघतो.’ हे त्याला कुणी करायला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं एवढंच, की पप्पांना बोलायचं नाही. मग पहारा द्यायचा कुणी, हे त्याचं त्यानंच ठरवलं. आठ वर्षांचं पोर. कुशीवर वळवायचं त्याला माहीत नव्हतं. तो आईच्या हातात कडी-कुलूप ठेवायचा आणि शंभर अंक म्हणायचा. त्या दिवशी मी त्याला कुशीवर कसं वळवायचं ते शिकवलं, आमच्या शिपाईमामांना सतरंजीवर झोपवून. दोनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा त्यानं मामांना वळवलं आणि हसला. पहिल्यांदाच.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज आलेय. तपशील थोडे बदललेत, नाव घेणार नाही.

दहावीतली मुलगी. आई-वडिलांबरोबर आली. अभ्यासाला पहाटे पाचला उठायची, रात्री अकरा-साडेअकराला झोपायची. दिवाळीपासून सकाळी तिच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. कंगवा, दात घासायचा ब्रश, चहाचा कप. कप पडला असं नाही, उडाला. समोरच्या भिंतीवर चहा. आई म्हणायची, ‘हात आहेत का लाकडं? धांदरट कुठली!’ पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मुलगी मोठी फिट येऊन पडली. गावातल्या डॉक्टरांनी अगदी बरोबर प्रश्न विचारले. घरात कुणाला फिट्स आहेत का? आई म्हणाली, नाही. सकाळच्या वेळी हाताला झटके येतात का? आई म्हणाली, नाही, तशी जरा वेंधळी आहे. डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिलं. मिळालेल्या माहितीवर कुणीही दिलं असतं.

दोन महिन्यांत मुलीचे झटके वाढले. पेन उडायला लागलं, सकाळी भाकरीचं ताट सांडलं. मग आमच्याकडे. शिकाऊ डॉक्टरनं मुलीलाच विचारलं, ‘सकाळी हात उडतो का?’ ती म्हणाली, ‘हो, रोज.’ आई खाली बघत होती.

औषधाच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. वडील रांगेत, मुलगी बाकावर. आई एकटी माझ्या खोलीत आली. दार लोटलं. बसली नाही. म्हणाली, ‘बाई, तिला जे होतंय ते मला होतं. सोळाव्या वर्षी माझ्या हातून केरसुणी उडायची.’

अठरा वर्षं. गार्डिनलची गोळी, तांदळाच्या डब्यात. नवऱ्याला पत्ता नाही. चहाचा पहिला कप उडाला, तेव्हाच तिला कळलं होतं. भिंत पुसताना कळलं होतं. आणि तरी तोंडातून निघालं ते ‘धांदरट’. तिला माझ्यापुढे रडू येत नव्हतं, ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, ‘मला माहीत होतं हो.’

तरुणपणी सुरू होणारा एक अपस्मार असतो, त्यात सकाळी उठल्यावर हाताला असे झटके येतात, झोप अपुरी झाली की वाढतात. घराण्यात चालत येण्याची शक्यता इतर प्रकारांपेक्षा अधिक. आणि यात कार्बामाझेपिन उलटू शकतं, झटके वाढवू शकतं. म्हणजे आईच्या दोन ‘नाही’मुळे मुलीला नको ती गोळी मिळाली. मी हे त्या बाईला बोलले नाही. तिनंच मला सांगितलं, डॉक्टरांचं बोलणं ऐकून. निदान पक्कं झालं, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा आलेख जुळला, मुलगी आहे म्हणून व्हॅलप्रोएट टाळून लेव्हेटिरासिटाम सुरू केलं. एप्रिल संपेपर्यंत झटके थांबले.

नवऱ्याला सांगायचं कोणी? ती म्हणाली, तुम्ही सांगा. पूर्वीची मी असते तर सांगून टाकलं असतं. मी म्हटलं, ‘मी बाजूला बसते. वाटलं तर तुझ्या हाताला धरते. पण तोंड तुझंच पाहिजे.’ तो माणूस औषधं घेऊन आत आला. साखर कारखान्यात नोकरी, बोलायला कमी. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तो ऐकून उठला, बाहेर गेला, आणि तासाभरानं रिक्षा घेऊन परत आला. जाताना एकच विचारलं, ‘पोरीच्या गोळीची वेळ काय?’

मला वाटलं, मोडणार. पुढच्या तारखेला तिघं आली. बाई सांगत होती, रागावत नाहीत, मारझोड नाही, भांडण नाही. पण रोज एक काहीतरी विचारतात. जेवता जेवता. ‘त्या वेळी कोल्हापूरला मुक्कामाला नाही म्हणालीस, ते यामुळे?’ ‘दुसऱ्या बाळंतपणाला माहेरीच हट्टानं गेलीस, ते?’ झालं की गप्प. दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी. मी त्यांना म्हटलं, काढू द्या. अठरा वर्षं त्यांनी एका बाईबरोबर काढली, आणि आता ती सगळी वर्षं त्यांना पुन्हा एकदा बघावी लागतायत. सोपं नाही ते. आपल्याला वाटतं गुपित फुटलं की पुढचं बदलतं. पुढचं नंतर. आधी मागचं सगळं हलतं.

चौथ्या की पाचव्या खेपेला तो माणूस एकटाच माझ्या खोलीत आला. खिशातून घडी घातलेला कागद काढला, भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं. यादी होती. एकेका ओळीत एकेक प्रसंग, काहींपुढे साल. बऱ्याच ओळींवर काट मारलेली होती, म्हणजे विचारून झालेलं. मला दाखवायला आणली होती की स्वतःलाच एकदा दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून बघायची होती, कोण जाणे.

शेवटची ओळ म्हणजे मंगळागौर. लग्नानंतरची पहिली चार वर्षं दर श्रावणात, जागरणाच्या नेमक्या दिवशी ही म्हणायची, पाळी आली. रात्रभर जागणं तिला चालणार नव्हतं, तिनं दुसरं काय सांगायचं? पाचव्या वर्षी सासूबाईंनी पूजाच धरली नाही. तो मला म्हणाला, ‘आईनं चार बायकांत बोलून दाखवलं, सुनेला देवाचं काही नाही म्हणून. मी तिथेच होतो. मीपण बोललो.’

त्या ओळीवर काट नव्हती. मी विचारलं, ‘हे विचारलं नाहीत तिला?’

‘हे तिला काय विचारायचं,’ तो म्हणाला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, आईला सांगायचंय, पण आईला ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागतं, शेजारी ऐकतील. मी म्हटलं, मग? तो थोडा वेळ दाराकडे बघत राहिला.

‘ऐकू देत,’ म्हणाला, आणि रांगेत उभं राहायला गेला.